मे महिन्यात माळावर कोण असतं?

"ताई, हे बघा काय निघालं," म्हणत जेसीबीचा ऑपरेटर खाली उतरला. मी लिंबाच्या सावलीत मोबाईल बघत बसले होते. उठून गेले. बकेटच्या दातांपासून वीतभरावर मातीचं एक ढेकूळ पडलं होतं. मी वाकून पाहिलं तर ते ढेकूळ श्वास घेत होतं.

२०२४ चा मे महिना होता. उजनी धरण मृतसाठ्याच्याही कितीतरी खाली गेलं होतं. लोणी देवकरला हायवेपासून थोडं आत आमचा माळ आहे, तिथं शेततळं खणायचं काम चाललं होतं. वर मुरूम, खाली मुरूम, मध्ये कुठंतरी फूट-दीड फूट माती. आठ महिने पावसाचा थेंब न पडलेल्या त्या मातीतून बटाट्याएवढा एक गोल, फुगीर बेडूक निघाला होता. डोळे मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले.

आप्पा बांधावरून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाण्याचा टिपूस नाय, आन् ह्यो आला कुठनं?"

मलाही अगदी हाच प्रश्न पडला होता. तो प्रश्नच चुकीचा होता, हे समजायला मला बरेच दिवस लागले. बेडूक कुठूनच आला नव्हता, तो तिथंच राहत होता. त्या दिवशी त्या जागेत नवीन आलं होतं ते आमचं जेसीबी.

हा लेख त्या चुकीच्या प्रश्नाबद्दल आहे. एखाद्या जागेकडे बघून आपण "इथं कोणी नाही" असं म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? आणि असं म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

*

त्या दिवशी तीन बेडूक निघाले. एक बकेटखाली तुटला होता. उरलेल्या दोघांना मी घरी आणलं.

मी काय केलं ते सांगते, कारण तुम्हीही तेच केलं असतं असं मला वाटतं. मी प्लास्टिकच्या टबात पाणी घेतलं, थोडी माती घातली आणि दोघांना त्यात सोडलं. बेडूक म्हटल्यावर पाणी, एवढंच मला माहीत होतं. तासाभरात त्यांनी डोळे उघडले. एकाने पाय ताणले. मी व्हिडिओ काढला, स्टोरीला टाकला, खाली बदाम आले. रात्री दोघंही टबातून बाहेर पडले. सकाळी एक धुण्याच्या दगडाखाली ओलीत दबून बसलेला सापडला. दुसरा अंगणातल्या सिमेंटच्या कोब्यावर होता. ऊन वर यायच्या आतच तो सुकून कडक झाला होता.

यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. ऑपरेटर थांबला होता, आप्पांनी बेडूक बाजूला ठेवायला सांगितलं होतं, मी तर त्यांना वाचवायलाच निघाले होते. आणि तरी त्या दुसऱ्या बेडकाला मीच मारलं, जेसीबीने नाही. तो वर्षातला जो काळ झोपून काढतो, त्या काळात मी त्याला उठवलं. बाहेर ना किडे, ना वाळवी, ना ओल. उठवलं, पण जगायला काही दिलं नाही.

दयेलाही वेळेचं भान लागतं हे मी तेव्हा शिकले. समोरच्याचं घड्याळ माहीत नसताना केलेली मदत आपल्याच समाधानासाठी असते बहुतेक वेळा.

*

मग मी वाचायला लागले. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवला, तो म्हणाला, हा स्फेरोथिका कुळातला, जमिनीत पुरून घेणारा बेडूक. या कुळातली एक जात २०१७ मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी पश्चिम भारतातून नव्याने नोंदवली आणि तिला नाव दिलं 'स्फेरोथिका पश्चिमा'. पुढच्या अभ्यासांत ती नेपाळातून आधीच नोंदलेल्या एका जातीशी एकच असल्याचं मांडलं गेलं. म्हणजे आपल्या पायाखाली कोण आहे हे ठरवायचं काम आत्ता आत्तापर्यंत चालू आहे. पुणे जिल्ह्यात, विद्यापीठांपासून आणि आयटी पार्कपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर.

या बेडकाच्या मागच्या पायाच्या तळव्याला एक कडक उंचवटा असतो, खुरप्याच्या पात्यासारखा. तो मागच्या बाजूने खणतो. बसल्या जागी अंग हलवत, एकदा डावा पाय, एकदा उजवा, माती बाजूला सारत तो उलटा खाली जातो. तोंड वर असतं, वरची माती आपोआप ढासळते आणि दार बंद होतं. बीळ दिसत नाही, भोक दिसत नाही. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काहीच दिसत नाही.

खाली गेल्यावर तो जगणं अगदी मंद करून टाकतो. हालचाल नाही, खाणं नाही. पावसाळ्यात साठवलेल्या चरबीवर तो राहतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाहीत, कातडीतून शोषतात. त्यामुळे आजूबाजूच्या मातीत जी काही ओल असेल ती कातडीतून येते, आणि मूत्राशयात साठवलेलं पाणी पुन्हा अंगात घेता येतं. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला पाणी साठवणारा बेडूक तर कात टाकून तिचाच कोष अंगाभोवती करून घेतो. तिथल्या आदिवासींना हे पूर्वीपासून माहीत होतं. पाणी मिळेना झालं की ते असा बेडूक खणून काढून त्याच्यातलं पाणी पीत.

इंदापूर तालुका सह्याद्रीच्या पाऊसछायेत आहे. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सलग नाही. जूनमध्ये थोडा शिडकावा, मग पोकळी, आणि खरा जोर परतीच्या पावसाचा. अशा ठिकाणी बेडकाने वर्षभर बाहेर राहायचं ठरवलं तर तो एक उन्हाळाही काढणार नाही. म्हणून तो काही महिने बाहेर आणि उरलेले मातीत राहतो. पहिला जोराचा पाऊस झाला की वर येतो, खळग्यात साठलेल्या पाण्याशी जातो, हाका मारतो, अंडी घालतो. खळगं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटले पाहिजेत. नाही फुटले तर त्या वर्षीची पिढी गेली.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, १०३ वं सूक्त आहे, मंडूकसूक्त. त्यात वर्षभर पडून राहिलेल्या आणि पाऊस येताच बोलू लागणाऱ्या बेडकांची तुलना व्रत पाळणाऱ्या ब्राह्मणांशी केली आहे. त्यावर अभ्यासकांनी बराच वाद घातलाय, की ही थट्टा आहे की प्रार्थना. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याने ते रचलं त्याला माहीत होतं की बेडूक वर्षभर कुठं गेलेले नसतात. ते इथंच असतात, गप्प. आपण जे विसरलो ते हेच.

*

आमच्या सातबाऱ्यावर त्या माळाचा उल्लेख 'पोटखराबा' असा आहे. सातबारा कधी बघितला नसेल तर सांगते. एका गटातली जी जमीन लागवडीखाली येत नाही ती पोटखराबा. खडक, नाला, माळ, सगळं त्यात. त्या भागावर आकारणी नाही, पीक नाही, म्हणून तो खराब.

गंमत म्हणजे, जमीन मोजून तिची प्रत लावायची इंग्रजांची जी पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली, तिची सुरुवात आमच्याच तालुक्यात झाली. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूरची पाहणी केली. त्याआधीच्या अवाच्या सवा आकारणीने गावं ओस पडली होती, लोक जमिनी टाकून चालले होते, त्यामानाने नवी पद्धत पुष्कळच माणुसकीची होती. पण तिचा मूळ प्रश्न एकच होता: या जमिनीतून किती निघेल? ज्यातून काही निघणार नाही तिच्याबद्दल आणखी काही विचारायचं कारणच नव्हतं.

या विचारामागे त्याहून जुनं तत्त्वज्ञान आहे. सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन लॉक म्हणतो, माणूस जमिनीत आपले कष्ट मिसळतो तेव्हा ती त्याची होते. जी जमीन नुसती निसर्गावर सोडलीय, जिथं नांगर नाही, पेरणी नाही, ती वाया गेलेली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या विस्तीर्ण जमिनी त्याला अशाच वाया गेलेल्या दिसत होत्या. आजही सरकार पडीक जमिनींचे नकाशे काढतं तेव्हा खुरट्या झुडपांचे माळ त्यात येतात. तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हरणं फिरतात, लांडगे आहेत, हे ठाऊक असूनही बोलताना आपण 'पडीक' म्हणूनच मोकळे होतो.

आणि माळ बघायला माणसं येतात कधी? मोजणीवाले, प्लॉट घेणारे, मुरूम नेणारे, सगळे कोरड्या दिवसांत येतात. साहजिक आहे, पावसाळ्यात गाडी रुतते. म्हणजे जमीन रिकामी आहे की नाही याचा निकाल नेमका त्या महिन्यांत लागतो, जेव्हा तिथले राहणारे खाली झोपलेले असतात.

इथून जवळच पळसदेव आहे. उजनीचं पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं. त्या उन्हाळ्यातही आलं होतं. लोक लांबून बघायला आले, ड्रोन उडाले, रील झाल्या. ते देऊळ वर्षानुवर्षं पाण्याखाली असतं, पण या भागातला एकही माणूस कधी असं म्हणत नाही की देऊळ नाही. सगळे म्हणतात, देऊळ आहे, पाण्यात आहे. पाणी गेलं की देऊळ दिसतं आणि पाणी आलं की बेडूक दिसतो, फरक एवढाच. मग एकाला न दिसताही 'आहे' म्हणायचं आणि दुसऱ्याला 'नाही', हे कसं?

*

इथपर्यंत विचार करून मी खूष होते. मनातल्या मनात लेख संपवला होता: जो दिसत नाही त्याचाही हक्क असतो, वगैरे. मग एक अडचण समोर आली, आणि ती आमच्याच घरातली निघाली.

ही जमीन आमच्याकडे आली कशी? माझे पणजोबा कूळ होते. मालक तालुक्याच्या गावी राहायचे, सुगीला माणूस पाठवायचे आणि वाटा न्यायचे. १९४८ चा कुळकायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कुळं जमिनीची मालक मानली गेली. पणजोबांनी ठरलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरली. त्यांचा '३२ म'चा दाखला आजही पत्र्याच्या ट्रंकेत आहे. 'कसेल त्याची जमीन' या चार शब्दांनी... खरं तर तीनच शब्दांनी आमच्या घराला उभं केलं. आणि या तीन शब्दांचा अर्थ काय? जो इथं नाही त्याचा हक्क गेला, जो इथं आहे त्याचा आला.

म्हणजे हजेरीवर हक्क ठरतो, याच तत्त्वावर मी शिकले, पुण्याला गेले, नोकरी करते. मग बेडकाची बाजू घेऊन मी कोणत्या तोंडाने म्हणणार की गैरहजर असलेल्याचाही हक्क असतो? तसं असेल तर मालकाचा का नव्हता?

हा प्रश्न मला बेडकाच्या जीवशास्त्रापेक्षा अवघड गेला.

माझं उत्तर असं आहे. गैरहजेरी सगळी सारखी नसते. मालक गैरहजर होता आणि तरी घेत होता. त्याचं तिथं नसणं दुसऱ्याच्या पाठीवर उभं होतं. तो जन्मात कधी आला नसता तरी वाटा जातच राहिला असता. बेडूक मातीत असतो तेव्हा कुणाचं काही घेत नाही. आणि त्याची गैरहजेरी हा त्या जागी राहण्याचाच भाग आहे. आठ महिने खाली राहिल्याशिवाय त्याला चार महिने वर राहताच येणार नाही. मालकाने जमीन सोडली होती, बेडूक तिला धरून बसलाय.

नंतर एका वकील मैत्रिणीशी बोलताना कळलं की हा फरक खुद्द कुळकायद्यालाही माहीत होता. मालक विधवा बाई असेल, अज्ञान मूल असेल, शरीराने किंवा मनाने अपंग असेल, किंवा सैन्यात नोकरीवर असेल, तर कुळाचा खरेदीचा हक्क त्या काळापुरता पुढे ढकलला होता. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी नुसतं 'आहे की नाही' एवढंच विचारलं नाही. 'का नाही' हेही विचारलं. सीमेवर असलेल्या जवानाने शेत कसलं नाही याचा अर्थ त्याने ते टाकलं असा होत नाही, एवढी समज त्या कायद्यात होती.

*

आता जी गोष्ट सांगायची राहिली होती ती सांगते.

शेततळं खणण्याच्या आदल्या वर्षी आजोबा गेले. वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आप्पांबरोबर माझ्या दोन्ही आत्यांची नावं चढली. कायद्याने मुलींचा वाटा आहे, महाराष्ट्रात १९९४ पासून तो वडिलोपार्जित जमिनीतही आहे, देशभर २००५ पासून. अनुदानाचा अर्ज, कर्जाचा कागद, प्रत्येक ठिकाणी सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागणार, म्हणून आत्यांना बोलावून हक्कसोड पत्र करून घेतलं. आमच्याकडे सगळ्याच घरांत असं करतात. भांडण नाही, रडारड नाही. दोघी सकाळच्या एसटीने आल्या, तालुक्याला जाऊन सह्या-अंगठे केले, आईने पुरणपोळी केली होती, साड्या दिल्या. धाकटी आत्या जाताना गोठ्यात म्हशीला हात लावून आली. बस्स.

आप्पांना मी विचारलं होतं, त्यांचं नाव राहिलं असतं तर काय झालं असतं? आप्पा म्हणाले, "अगं, त्या कुठं हितं असत्यात? आन् आल्या तर मी काय नगं म्हणतो का?"

आप्पा वाईट माणूस नाहीत. बहिणींसाठी त्यांनी काय केलंय ते मी बघितलंय. पण त्या मे महिन्यात तिसरा बेडूक हातात घेऊन उभी असताना मला ते वाक्य आठवलं: त्या कुठं इथं असतात?

आत्यांनी हे घर सोडलं नव्हतं. त्यांना पाठवलं होतं. लग्न करून दिलं, निघताना तांदूळ टाकले, आणि मग तीस वर्षांनी त्याच जाण्याला 'त्या इथं नसतात' म्हणून कारण केलं. ज्या जाण्याला आपणच भाग पाडलं, त्याच जाण्याच्या आधारावर हक्क काढून घेतला. बेडकाला निदान दुष्काळ खाली पाठवतो.

बाईची तुलना बेडकाशी केली म्हणून कुणाला राग येईल. मी तुलना त्यांची करत नाहीये. मी आपल्या बघण्याची करतेय. दोन्हीकडे आपण एकच चूक करतो. आपल्या सोयीच्या एका दिवशी बघतो, त्या दिवशी कुणी दिसलं नाही की कागदावर लिहून टाकतो: रिकामं.

*

मग काय, शेततळी खणायची नाहीत? एमआयडीसी नको? हा प्रश्न मला आप्पांनी नाही, माझ्या भावाने विचारला. तो लोणी देवकरच्याच एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणाला, बेडकाला विचारून कारखाना काढायचा झाला तर आम्ही सगळे पुण्यात तुझ्या रूमवर राहायला येऊ.

त्याचं म्हणणं खोटं नाही. आमच्याकडे पाणी नाही, तळं लागणारच होतं. कसंही जगलो तरी कुणाच्या ना कुणाच्या घरावर आपला पाय पडणार. पाय पडूच नये असं मी म्हणत नाही. पण इथं कुणाचं घर होतं हे कबूल करून पाय टाकणं वेगळं आणि इथं काही नव्हतंच असं म्हणून टाकणं वेगळं. पहिल्यात निदान थोडं बाजूने जाता येतं का, हे सुचतं. दुसऱ्यात ते सुचतच नाही, कारण चुकवायला समोर कुणी नसतंच.

अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात असेच जमिनीत राहणारे बेडूक आहेत. तिथं १९८० च्या सुमारास संशोधकांना दिसलं की ते ओलीने जागे होत नाहीत, पावसाच्या थेंबांनी जमिनीला जो हादरा बसतो त्याने होतात. नुसत्या मोटारीची थरथर दिली तरी भर उन्हाळ्यात, कोरड्या मातीतून ते वर आले. काही वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी मोटारसायकलींचा आवाज ऐकवला, तेव्हाही आले. म्हणजे मजेसाठी वाळूत फिरणारी गाडी त्यांना पावसाची खोटी हाक देत होती. एरवी ते वर येतात तेव्हा वाळवीही उडत असते, एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त खाऊ शकतात आणि त्यावर जवळजवळ वर्ष काढतात. खोट्या हाकेला मात्र बाहेर काहीच नसतं. माझ्या टबातल्या पाण्यासारखीच ती हाक.

आमच्या तळ्याचं पुढे असं झालं. माळाच्या वरच्या अंगाला एक खळगा आहे, पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साठतं. तळ्यातून निघालेला मुरूम टाकून तो बुजवायचा आप्पांचा बेत होता. मी म्हणाले, तो तसाच राहू द्या. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. म्हशी तरी बसतील." बेडकासाठी नाही, म्हशींसाठी राहिला. मला चालतं. तळ्याला कागद टाकला तेव्हा चारी बाजूंनी जुनी पोती आणि दोर सोडले, कारण त्या गुळगुळीत कागदावरून पडलेल्या जिवाला वर येता येत नाही. ही कल्पना आईची. तिला शेळीच्या करडांची काळजी होती.

धुण्याच्या दगडाखालचा बेडूक मी संध्याकाळी खळग्याच्या काठाला, भुसभुशीत मातीवर ठेवला. पाच-सात मिनिटांत तो मागे सरकत सरकत खाली गेला. शेवटी फक्त डोळे दिसत होते, मग तेही नाही. मी पुन्हा त्या जागेकडे बघितलं. तिथं काहीही नव्हतं. म्हणजे, मला काही दिसत नव्हतं.

*

पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पाऊस मे महिन्यातच आला. महिनाअखेरीला बारामती-इंदापूर भागात इतका कोसळला की ओढ्यांना पूर आले. मी पुण्यात होते. रात्री भावाने फोन लावला आणि काही न बोलता मोबाईल खिडकीबाहेर धरला. खळग्याच्या बाजूने नुसता कल्ला चालला होता. पंचांगाप्रमाणे अजून वेळ होती, पण त्यांना पंचांग कुठं माहीत? त्यांनी पावसाशी बोली केलेली असते, तारखेशी नाही.

त्या श्रावणात पंचमीला मी गावी गेले. आमच्याकडे पंचमीला नांगर धरत नाहीत, कुदळ मारत नाहीत, घरात काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. मातीतल्या जिवाला इजा होऊ नये म्हणून. लहानपणी मला हे सगळं नागासाठी वाटायचं. आता वाटतं, कुणीतरी, कधीतरी, हे ओळखलं होतं की मातीत कोण आहे हे वरून कळत नाही. म्हणून निदान एक दिवस हात आवरायचा.

आणि पंचमी लेकींचा सण. दोन्ही आत्या आल्या होत्या. लिंबाला झोका बांधला होता. वर्षातून एक दिवस आपण दोघांचीही आठवण काढतो, मातीत असलेल्यांची आणि सासरी असलेल्यांची, आणि उरलेले दिवस दोघांशिवायचा हिशेब करतो. सण चांगलाच आहे. एका दिवसात सगळं फेडून टाकायची आपली सवय मात्र चांगली नाही.

जेवणं झाल्यावर मी आप्पांना सांगितलं की माझी वेळ येईल तेव्हा मी हक्कसोडीवर सही करणार नाही. भावाच्या वाट्यातलं मला काही नको, तो खळगा माझ्या नावावर राहिला तरी पुरे. पण नाव राहू द्या. मी इथं नसते याचा अर्थ मी इथली नाही असा लावू नका.

आप्पा काही बोलले नाहीत. धाकट्या आत्याने मात्र वर बघितलं. ती झोक्यावर बसली होती आणि पायाने हळूच झोका थांबवत होती.